अडीच सेंटिमीटरचा इतिहास

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने एक निवेदन प्रसिद्ध केले. देशातील रस्त्यांवर एकवीस कोटींहून अधिक दुचाक्या आहेत, हेल्मेट बनवण्याचा वैध परवाना असलेले उत्पादक मात्र १७६. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतीय मानक ब्यूरोने हेल्मेटचे पाचशेहून अधिक नमुने तपासले, तीसहून अधिक ठिकाणी छापे घातले. एकट्या दिल्लीत, परवाना संपलेल्या वा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त झाली. बातमी एक-दोन दिवस फिरली आणि मागे पडली. विज्ञानवार्तांत तिला स्थान मिळाले नाही, कारण ती बाजारपेठेची किंवा फार तर पोलिसांची बातमी समजली गेली. मला ती भौतिकशास्त्राची वाटते. असे वाटण्याचे कारण तंजावर जिल्ह्यातील एका ओसरीवर खुंटीला टांगलेले होते.

आमच्या घराण्याची एक शाखा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात स्थायिक आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावरचे राज्य हाती घेतल्यानंतर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही परतली नाहीत, त्यांपैकी ही एक. आजोबा नोकरीनिमित्त पुण्यास आले, आत्या मात्र तिकडच्याच घरात दिली. तिरुवैयारू आणि कुंभकोणम यांच्या मधल्या गावात ती राहते. आतोबांची शेती आहे, आणि त्या प्रदेशातील असंख्य शेतकऱ्यांप्रमाणे त्यांच्याकडे टीव्हीएसची मोपेड आहे. १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५० बाजारात आली, तेव्हापासून या खेड्यांत खताची पोती, दुधाच्या चरव्या, शाळेत जाणारी मुले आणि देवळात जाणारी बायकामाणसे असे सारे काही याच वाहनावरून वाहिले जाते.

तेथील रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कावेरीला इथे अनेक फाटे फुटतात: कुडमुरुट्टी, वेण्णार, वेट्टार. त्यांचे कालवे, कालव्यांच्या पोटचाऱ्या. गावरस्ता बहुधा बांधावरून जातो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला माणूसभर खाली भाताचे खाचर. दर थोड्या अंतरावर मोरी आणि मोरीचा दगडी कठडा. सुगीत निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते, आणि वाळलेल्या साळीवर चाक गेले म्हणजे छोट्या गोट्यांवर पाय पडावा तसे होते. या वाटांवर कोणी ताशी शंभरच्या वेगाने जात नाही. म्हणूनच तेथील माणसाला मनापासून वाटते की हेल्मेट महामार्गावरच्या लोकांसाठी आहे.

या समजुतीचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा, बारावीचे गणित त्यास पुरते. मोपेडवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी उभी असताना तो नुसता कलंडला, तरी डोके रस्त्यावर आदळते ते सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ वीस किलोमीटर वेगाने. हा वेग गुरुत्वाकर्षणाने दिलेला आहे, इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. आता डोके किती अंतरात थांबते ते पाहा. मंदन एकसमान मानले तर गुरुत्वीय त्वरणाच्या किती पट धक्का बसतो याचे उत्तर विलक्षण सोपे येते: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. उघड्या डोक्याला टाळूची कातडी दबून तीन मिलिमीटर अंतर मिळाले असे धरू. १५०० भागिले ३, म्हणजे पाचशे पट. तेच अंतर अडीच सेंटिमीटर झाले तर १५०० भागिले २५, म्हणजे साठ पट. खरे फेस-अस्तर पूर्ण जाडीइतके दबत नाही आणि धक्का एकसमान नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून वाईट येतात. तरीही पाचशे आणि साठ यांमधील दरी त्या अडीच सेंटिमीटरमुळे पडते, हे खरेच राहते. हेल्मेटचा सारा इतिहास म्हणजे हे अंतर मिळवण्याचा इतिहास आहे. आणि बनावट हेल्मेटमध्ये नेमके हेच अंतर चोरले जाते.

हे अंतर महत्त्वाचे आहे, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथील शर्यतींच्या धावपट्टीवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोके फुटलेले स्वार त्यांच्यासमोर वारंवार येत. त्यांनी कॅनव्हास आणि शेलॅक, म्हणजे आपली लाख, यांपासून एक कठीण टोपी बनवून घेतली आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन शर्यतीत ती सक्तीची झाली. (त्या काळी जगाची लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. पहिल्या हेल्मेटात आपला वाटा होता तो एवढाच.) गार्डनर यांची कल्पना टणक आणि गुळगुळीत कवचाची होती: आघात पसरावा, डोके घसरून जावे. अंतराचा विचार त्यात अजून नव्हता, आणि ती टोपी शर्यतीपुरतीच राहिली.

पुढची घटना प्रसिद्ध आहे. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून फेकले गेले. पहिल्या महायुद्धातील अरबस्तानच्या मोहिमेमुळे जगभर गाजलेला हा माणूस सहा दिवस बेशुद्ध राहून वारला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी या मृत्यूवर लेख लिहिला नाही, भाषणे केली नाहीत. त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून निरोप घेऊन धावणारे लष्करी स्वार मोठ्या संख्येने मरू लागले. ऑक्टोबर १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केर्न्स यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मरण पावले होते. हेल्मेट घातलेले जखमी मात्र केर्न्स यांच्या पाहण्यात अवघे सात होते, आणि सातही वाचले होते. सात हा आकडा संख्याशास्त्राच्या दृष्टीने हास्यास्पद म्हणता येईल. लष्कराने मात्र तो हसण्यावारी नेला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लष्करी स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये तीच सक्ती यायला १९७३ साल उजाडले, तोवर केर्न्स यांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

मला स्वतःला या कथेतील सर्वांत आवडता माणूस निराळाच आहे. केर्न्स यांच्यासोबत ऑक्सफर्डमध्ये ए. एच. एस. होलबर्न हे भौतिकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: कवटी फुटलेली नसताना मेंदू का मरतो? मेंदू जवळजवळ असंपीड्य आहे, पाण्याप्रमाणे तो दाबाला दाद देत नाही. पण त्याची आकार टिकवण्याची शक्ती फार क्षीण आहे, म्हणजे तो पिळला जातो. होलबर्न यांनी मेंदूच्या जागी जिलेटिनचा गोळा घेतला, त्याला फिरता झटका दिला आणि आत ताण कोठे साचतो ते पाहिले. १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडले की डोक्याला बसणारा सरळ धक्का जितका घातक समजला जातो त्याहून अधिक इजा डोके गर्रकन फिरल्याने होते.

ज्यांना हे डोळ्यांपुढे आणायचे असेल त्यांनी तंजावरची बाहुली आठवावी. तमिळमध्ये तिला 'तलैयाट्टि बोम्मै' म्हणतात, डोके हलवणारी बाहुली. नवरात्रात आत्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडते, त्यांत ती असते. घागरा, धड आणि मस्तक वेगवेगळे, एकावर एक टेकवलेले. पाट हलला की घागरा लगेच हलतो, मस्तक क्षणभर मागे राहते, आणि घागरा थांबल्यावरही ते डुलत राहते. कवटी आणि मेंदू यांचे नाते असेच आहे, फरक इतकाच की बाहुलीच्या मानेत जिथे तारेचा टेकू आहे तिथे आपल्या मेंदूला नाजूक शिरा आणि चेतातंतू आहेत. स्वार पडतो तेव्हा गाडीचा पुढे जाण्याचा वेग डोक्याला रस्त्यावर घासतो आणि घर्षण त्याला फिरवते. होलबर्न यांचे म्हणणे संयुक्त राष्ट्रांच्या हेल्मेट-नियमावलीत, म्हणजे १९७२ पासूनच्या बाविसाव्या नियमाच्या सहाव्या आवृत्तीत, प्रत्यक्ष चाचणीच्या रूपाने उतरले ते २०२१ मध्ये. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. विज्ञानातून मानकात जाण्याचा वेग हा असा.

अंतराची गोष्ट अमेरिकेत सुटली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात वैमानिकांच्या डोक्यांवर संशोधन करणाऱ्या हर्मन रॉथ आणि चार्ल्स लोम्बार्ड यांनी १९४७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५३ मध्ये ते मिळाले. बाहेर भार पसरवणारे कवच आणि आत असे अस्तर की जे दबेल पण परत उसळणार नाही. शेवटचे शब्द पुन्हा वाचावेत. स्पंज दबतो आणि उसळतो, घेतलेली ऊर्जा डोक्याला परत देतो. थोड्या बळाने तो तळाला जातो, आणि त्यापुढे कवचाचा कठीणपणा थेट टाळूला भिडतो. याउलट ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्या फुगवलेल्या पॉलिस्टायरिनच्या पेशी जवळजवळ एकसमान बळाने चिरडत जातात आणि चिरडलेल्याच राहतात. ऊर्जा तिथेच संपते. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, वरून अभंग दिसले तरी, बाद समजावे. १९५६ मध्ये पीट स्नेल हा मोटारशर्यतीतील चालक हेल्मेट घालूनही डोक्याच्या दुखापतीने गेला, तेव्हा त्याच्या मित्रांनी डॉ. जॉर्ज स्नायव्हली यांच्या पुढाकाराने त्याच्या नावे प्रतिष्ठान काढले आणि बाजारातील हेल्मेट आपटून पाहण्याची पद्धत रूढ केली. दिसायला सारखी असणारी हेल्मेट आतून किती निरनिराळी असतात, हे अशा आपटण्यातूनच कळते.

आणि हीच अडचण आहे. खरे-खोटे ठरवणारी चाचणी हेल्मेट नष्ट करते. तपासलेले हेल्मेट विकता येत नाही, विकलेले तपासलेले नसते. ग्राहकाच्या हाती येते ते एक अनुमान: याच घाण्यातील काही नमुने आपटून पाहिले, ते टिकले, म्हणून हेही टिकेल. त्या अनुमानाची खूण म्हणजे मानकचिन्ह. भारतात इंडियन स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूशन १९४७ मध्ये स्थापन झाली, चिन्हासंबंधीचा कायदा १९५२ मध्ये झाला. १९८७ मध्ये त्या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, पण जुन्या संस्थेची आद्याक्षरे 'आयएसआय' चिन्हात आजही आहेत. हेल्मेटचे मानक आयएस ४१५१ या क्रमांकाचे. त्याची तिसरी सुधारणा १९९३ ची, चौथी २०१५ ची. याच काळात आयआयटी दिल्लीतील दिनेश मोहन (१९४५–२०२१) अपघात हा दैवाचा नव्हे, यांत्रिकीचा विषय आहे हे सांगत होते, आणि ऐकणारे थोडे होते.

कायदा मात्र दुसऱ्याच वाटेने आला. आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीला संचारस्वातंत्र्याच्या नावाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, अजय कानू खटल्यात, फेटाळले. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम सांगते की दुचाकीवरील माणसाने मानक ब्यूरोच्या मानकानुसार असलेले शिरस्त्राण घालावे. वाचताना यात काही उणे दिसत नाही. पण ही आज्ञा घालणाऱ्याला होती. बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने मानक पाळलेच पाहिजे, असा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जून २०२१ पासून लागू झाला. १९८९ पासून २०२१ पर्यंत, जवळजवळ बत्तीस वर्षे, निकृष्ट हेल्मेट घालणे हा गुन्हा होता आणि चिन्हाविना तेच विकणे हा सरळ व्यापार होता. जे ओळखायला प्रयोगशाळेतील मनोरा आणि त्वरणमापक लागतो ते दुकानाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने ओळखावे, अशी ही अपेक्षा.

तमिळनाडूत या विसंगतीचे रूप उघडे पडले. १ जून २००७ पासून तिथे सक्ती झाली आणि अंमल लवकरच ढिला पडला. मग ८ जून २०१५ रोजी, अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात, मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. किरुबाकरन यांनी आदेश दिला: १ जुलैपासून चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट. नसेल तर कागदपत्रे जप्त, आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट व त्याची पावती दाखवल्यावरच परत. आदेशामागची कळकळ निःसंशय होती, आणि पावतीची अट पाहता बनावट मालाचा विचारही झाला होता. पण तीन आठवड्यांत राज्यभर कोट्यवधी डोक्यांना पुरतील इतकी हेल्मेट कोठून येणार? दुकाने रिकामी झाली, भाव चढले, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर रंगीत हेल्मेटांचे ढीग लागले. प्रत्येकावर चिन्ह होते. चिन्ह छापायला थर्माकोल लागत नाही. (पुणेकर वाचकांनी येथे हसू नये. जानेवारी २०१९ ची सक्ती, तिच्याविरुद्धचे मोर्चे आणि पदपथावरील विक्रेते, सारे त्यांनी स्वतः पाहिले आहे.)

याच तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली होती. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र अजून उभे आहे. अन्नाबरोबरच आजारी वाटसरूसाठी वैद्य ठेवण्याची या छत्रांत प्रथा होती. वाटसरूने वैद्याची परीक्षा घेऊन मग औषध प्यावे, अशी अपेक्षा तेव्हा नव्हती.

आतोबांनी आपले हेल्मेट जून २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात तशाच एका ढिगातून घेतले. मागे बसणाऱ्या आत्यासाठी दुसरे, आकाराने लहान, बहुधा मुलाचे. नऊ वर्षे त्यांनी ते इमानाने वापरले. सुट्टीत गेलो असता मी ते हातात घेतले, आणि ते हलके लागले. हलकेपणा हा स्वतः दोष नाही, चांगली हेल्मेटही हलकी असतात. पण अंगठ्याने अस्तर दाबले तर ते थेट कवचापर्यंत गेले. आतोबांच्या परवानगीने, आणि कुंभकोणमहून दोन नवी हेल्मेट आणल्यावरच, मी करवतीने ते मधोमध कापले. कवच तीन मिलिमीटरचे, ठिसूळ प्लॅस्टिकचे. आत काळ्या कापडाखाली गादीत घालतात तसा स्पंज, आठ मिलिमीटर. थर्माकोल कोठेच नव्हता. हनुवटीचा पट्टा एका रिव्हेटवर तोलला होता. आत्याच्या हेल्मेटात स्पंजही नव्हता, पुठ्ठा होता.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीवरील लोक मरण पावले: ३५,६९२ चालवणारे, १४,३३७ मागे बसलेले. आत्या आणि आतोबा त्या वर्षी मोरीच्या कठड्यावर आदळले असते तर या रकान्यात आले नसते. ते हेल्मेट घातलेल्यांत मोजले गेले असते. हेल्मेट कोणते होते, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो असा २००८ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. पुठ्ठ्याच्या टोप्या हेल्मेट म्हणून मोजल्या गेल्या की आपल्याकडील आकडेवारीत हा लाभ आहे त्याहून कमी दिसणार, आणि मग कोणीतरी त्या आकड्यांवरून हेल्मेट निरुपयोगी असल्याचे सिद्ध करणार. बनावट माल वापरणाऱ्याला फसवतो तसा संशोधकालाही फसवतो.

नव्या हेल्मेटांवरच्या चिन्हाखाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक होता. तो मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून आम्ही ओसरीवर बसूनच पडताळला: उत्पादकाचे नाव, पत्ता, परवान्याची मुदत सारे आले. मग आतोबांनी कापलेल्या अर्धुकावरचा जुना क्रमांक वाचून दाखवला. दोनदा घालून पाहिला. असा परवानाच नव्हता. आतोबा काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले की नऊ वर्षांत नाक्यावर निदान वीसदा तरी अडवून हेल्मेट पाहिले गेले, त्यांतल्या एकानेही ते हातात का घेतले नाही.